प्रभागात नगरसेवक चार, पण आपल्या गल्लीचा कोण? (वाटणी नक्की कशी होते)

गल्लीबोळ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून शेवटी धागा काढतोय, लांबलं तर सांभाळून घ्या. शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये आणि पक्षांची पण नाही, नाहीतर दहाव्या प्रतिसादापर्यंत मूळ विषय गायब होतो हा इथला नेहमीचा अनुभव आहे.

जानेवारी 2026 मध्ये राज्यातल्या 29 महापालिकांच्या निवडणुका एकदाच्या झाल्या. मुंबई सोडली तर सगळीकडे बहुसदस्यीय प्रभाग, बहुतेक ठिकाणी चारचे. आपण आत गेलो, अ ब क ड अशी चार बटणं दाबली, बझर वाजला, बोटाला शाई लावून घरी आलो. इथपर्यंत सगळ्यांना माहिती आहे, मला विचारायचंय ते पुढचं. हे चौघं निवडून आल्यावर प्रभाग आपापसात वाटून कसा घेतात? कुठे ठरतं, कोण ठरवतं, आणि ठरलेलं आपल्याला कोण सांगतं?

आमच्याकडचं सांगतो. चौघांतले दोन एका पक्षाचे, उरलेले दोघं दोन वेगळ्या पक्षांचे. प्रभाग म्हणजे मेन रोडच्या अलीकडे जुनं गावठाण, पलीकडे सोसायट्या, आणि नाल्याच्या कडेने बैठी वस्ती. आमच्या गल्लीच्या तोंडाशी ड्रेनेजचं चेंबर आहे, ते पावसाळा नसतानाही भरून वाहतं. झाकणाच्या एका अंगाला सोसायटीची कंपाउंड वॉल, दुसऱ्या अंगाला गावठाणाचा रस्ता. अ वाल्यांच्या ऑफिसात गेलो तर तिथला पोरगा म्हणाला, "काका, रोडच्या त्या साईडचं साहेब बघत नाहीत, ते ड वाले बघतात." ड वाल्यांचे पीए म्हणाले, "ड्रेनेज ब मॅडमकडे आहे, आपल्याकडे लाईट आणि गार्डन." ब मॅडमना फोन लावला तर मिस्टरांनी उचलला, सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "तुमचं मतदान कुठल्या शाळेत असतं?" शाळा सांगितली. "मग ते आपल्यात येत नाही हो." क वाल्यांनी मात्र लगेच माणूस पाठवला, त्याने झाकणाचे चार अँगलने फोटो काढले, संध्याकाळी फेसबुकवर "समस्येची पाहणी केली" अशी पोस्ट पडली, बास.

म्हणजे बघा, एकाने भाग वाटून घेतलाय, दुसऱ्याने खातं वाटून घेतलंय, तिसऱ्याने मतदार वाटून घेतलेत. तिघांची वाटणी आपापल्या जागी बरोबर असेलही, पण तीन नकाशे एकावर एक ठेवले की मधे जी फट राहते त्यात आमचं चेंबर बसलंय. जाणकारांनी प्रकाश टाकावा. ही वाटणी कुठे लिहिलेली असते का? माहिती अधिकारात मागता येते का?

---

चौकस

छान धागा. माहिती अधिकारात मागितली तर "अशी माहिती अभिलेखावर उपलब्ध नाही" हे उत्तर येणार, लिहून ठेवा.

---

खिडकी क्रमांक चार

मी एका महापालिकेत क्षेत्रीय कार्यालयात बरीच वर्षं काढली, आता निवृत्त. कुठली ते विचारू नका. जे बघितलं ते लिहितो.

पहिली गोष्ट, कायद्यात वाटणी नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम 1949 मध्ये कुठेही असं नाही की अ जागेवरचा माणूस उत्तरेकडचा आणि ब वाला दक्षिणेकडचा. अ ब क ड हे फक्त आरक्षण आणि मतदानाच्या सोयीसाठी. चारही जागांना अख्ख्या प्रभागाने मतदान केलेलं असतं, त्यामुळे चौघंही अख्ख्या प्रभागाचे. "आमच्यात येत नाही" हे वाक्य कायद्याने कुठलाच नगरसेवक म्हणू शकत नाही. आणि दुसरी गोष्ट लोक विसरतात ती अशी की नगरसेवकाला काम करून घ्यायचा कार्यकारी अधिकारच नसतो, तो आयुक्तांकडे. नगरसेवक सभागृहात ठराव करतो, बजेट मंजूर करतो, प्रश्न विचारतो. चेंबर साफ करायचा हुकूम त्याच्या हातात नाही, त्याच्या हातात फोन आहे. तो फोन कुणी करायचा एवढ्याचीच वाटणी चाललेली असते.

आता प्रत्यक्षात कसं होतं. निकाल लागला की पहिल्या महिन्याभरात एक बैठक होते, कुणाच्या तरी ऑफिसात किंवा फार्महाऊसवर. टेबलावर दोन कागद असतात, प्रभागाचा नकाशा आणि मतदान केंद्रनिहाय मतांचा तक्ता. चौघं एकाच पॅनेलचे असतील तर हे सोपं जातं. ज्याला ज्या केंद्रावर जास्त मतं तो भाग त्याचा, स्केचपेनने गोल करायचे आणि मोकळं व्हायचं. जी केंद्रं कुणालाच चालली नाहीत ती शेवटी राहतात आणि ती बहुतेक वेळा सगळ्यात नवख्या नगरसेवकाच्या, त्यातही बाईच्या, गळ्यात पडतात. मिश्र पॅनेल असेल तर बैठक होतच नाही, मग जो आधी पोचेल त्याचा भाग.

खात्यानुसार वाटणी (एकाने पाणी, एकाने रस्ते वगैरे) मी कमी ठिकाणी बघितली आणि ती टिकत नाही, कारण रस्ता आणि गार्डन सगळ्यांना हवं असतं, ड्रेनेज कुणालाच नको. रस्त्यावर बोर्ड लागतो, ड्रेनेज जमिनीखाली जातं.

खरी मारामारी पैशावर. बजेटमध्ये नगरसेवकांनी सुचवलेल्या कामांची यादी असते, पुण्याकडे तिला स यादी म्हणतात. वर्षाच्या शेवटी शेवटी एका कामाचे पैसे दुसऱ्याकडे वळवायचे प्रस्ताव येतात, ते वर्गीकरण. एकाच अंतर्गत रस्त्यासाठी चार लेटरहेडवर चार पत्रं कनिष्ठ अभियंत्याच्या टेबलावर मी स्वतः बघितलीत, एकाला काँक्रीट हवंय, एकाला पेव्हर ब्लॉक, तिसऱ्याला आहे तो डांबरी रस्ता ठेवून फक्त फुटपाथ, आणि चौथ्याचं पत्र असं की सदर रस्त्याचे काम माझ्या निधीतून प्रस्तावित असल्याने इतर कोणाचेही पत्र विचारात घेऊ नये. जेईने काय केलं? चारही पत्रं फाईलला लावली आणि वर लिहिलं "मा. सदस्यांमध्ये एकवाक्यता झाल्यावर सादर करावे". ती फाईल पुढे माझ्या निवृत्तीपर्यंत तरी सादर झाली नव्हती.

---

रविवारची सुट्टी

"एकवाक्यता झाल्यावर सादर करावे" 😂😂 हे फ्रेम करून लावायला पाहिजे.

आमच्या बागेत एक बाकडं आहे त्यावर दोघांची नावं आहेत, पाठीवर एकाचं आणि बसायच्या फळीवर दुसऱ्याचं. तिसऱ्याने शेजारी "संकल्पनेतून" असा बोर्ड लावलाय. बाकडं सिमेंटचं, त्यात एवढी कसली संकल्पना देव जाणे.

---

मधुमालती

गल्लीबोळ, लेख आवडला पण "मिस्टरांनी फोन उचलला" आणि खिडकी काकांचं "त्यातही बाईच्या गळ्यात" ह्यावर थोडं बोलायचंय.

राज्यात 2011 पासून निम्म्या जागा महिलांना आहेत. चारच्या प्रभागात म्हणजे साधारण दोन बाया असणारच. आता जेव्हा एक वॉर्ड एक नगरसेवक असतो तेव्हा महिला वॉर्डात बाई एकटीच असते, लोकांना तिच्याकडे जावंच लागतं, नवरा कितीही पुढे पुढे करत असला तरी सही तिची, सभागृहात उभी ती. चारच्या प्रभागात लोकांना पर्याय असतो आणि लोक सरळ त्या दोन पुरुषांकडे जातात. मग तिच्याकडे काय उरतं तर हळदीकुंकू, शिलाई मशीन वाटप, महिला दिनाचा कार्यक्रम. वाटणीच्या बैठकीला तर बऱ्याचदा तिचा नवरा किंवा दीरच बसलेला असतो, तिला नंतर कळतं की तिला कुठला भाग "मिळाला".

माझी आतेबहीण एका शहरात नगरसेविका होती, एका टर्मला. ती म्हणायची की मला पहिल्या वर्षी कुणी तक्रारच घेऊन आलं नाही. मग तिने एक केलं, सकाळी सातला व्हॉल्व्हमन पाणी सोडायला येतो त्याच्याबरोबर चालत फिरायला लागली, रोज वेगळी लाईन. कुठली चावी किती आटे फिरवली की वरच्या चाळीला पाणी चढतं, कुठल्या चावीला गळती आहे, कुठल्या घराने मोटर लाईनला लावलीय हे तिला तोंडपाठ झालं. दुसऱ्या वर्षापासून चारही जणांच्या भागातली पाण्याची तक्रार तिच्याकडे यायला लागली, आणि बाकीच्या तिघांना ते अजिबात आवडलं नाही, "आमच्या भागात कशाला फिरता ताई" असे निरोप यायला लागले. वाटणी अशी पण मोडता येते, फक्त मोडणारीला पुढच्या वेळी तिकीट मिळत नाही. तिला नाही मिळालं.

---

खिडकी क्रमांक चार

मधुमालती ताई, अगदी मान्य. आणि व्हॉल्व्हमनबरोबर फिरणारा नगरसेवक मी माझ्या नोकरीत एकही बघितला नाही, बहिणीला माझा नमस्कार सांगा.

---

रंकाळ्यावरचा वारा

आमच्या कोल्हापूरचं सांगतो भावांनो. 2015 च्या निवडणुकीत आमच्याकडं 81 वॉर्ड हुते, एका वॉर्डाला एक नगरसेवक. पेठेतल्या माणसाला नगरसेवक कोण ते विचारायलाच लागत नव्हतं, तालमीच्या कट्ट्यावर बसलेला असायचा, जाता जाता हाक मारायची, "अण्णा आमच्या दारातला दिवा गेलाय", झालं. मग 2020 ला मुदत संपली, पाच वर्षाच्या वर प्रशासक, आणि आता तेवढ्याच 81 जागा पण प्रभाग 20. तीन चार पेठा एकत्र बांधल्यात. त्या पेठांची एकमेकींशी खुन्नस फुटबॉलच्या ग्राउंडवर काय असते ते बाहेरच्यांना कळायचं नाही 😄 आता त्या पेठांनी मिळून चार जण निवडून दिलेत.

पण गंमत काय झाली माहितीय का, लोकांनी मनातल्या मनात जुनेच वॉर्ड धरलेत. चौघांपैकी जो आपल्या जुन्या वॉर्डातला तो आपला. ज्या जुन्या वॉर्डातला कुणीच निवडून आला नाही त्यांची मात्र पंचाईत, ते कुणाकडं जाणार? त्यांचे तिथले पडलेले उमेदवारच आता नगरसेवकासारखे फिरतात, कामं पण करून देतात काही. मग निवडून कोण आलंय आणि पडलंय कोण काय कळंना झालंय.

---

चौकस

रंकाळ्यावरचा वारा, हा मुद्दा भारी आहे, कारण सीमा इतक्या वेळा बदलल्यात की लोकांनी मनातला नकाशा धरून ठेवणं साहजिकच आहे. जरा मागे जाऊन बघा. 2002 ला तीनचा प्रभाग. 2007 ला एकचा वॉर्ड. 2012 ला दोनचा. 2017 ला चारचा. मग सरकार बदललं, 2019 च्या शेवटी परत एकचा असा निर्णय, 2021 मध्ये तोच बदलून तीनचा, 2022 ला पुन्हा सरकार बदललं आणि परत 2017 सारखा चारचा. प्रत्येक वेळी ज्याला जे सोयीचं ते, कारणं मात्र दर वेळी लोकशाहीची.

आणि आकार बघा ना. शहराची लोकसंख्या भागिले एकूण जागा, गुणिले चार, त्यात दहा टक्के इकडेतिकडे, असा हिशोब. पुण्यात 165 जागा आणि 41 प्रभाग, चारच्या प्रभागाला सरासरी 84 हजाराच्या आसपास लोकसंख्या येते. आणि ती कुठली? 2011 च्या जनगणनेची! मधल्या काळात जे टॉवर उभे राहिले ते त्या हिशोबात नाहीतच. अख्ख्या तालुक्याच्या गावाएवढा प्रभाग झाला, तिथे नगरपरिषद असती तर स्वतःचा नगराध्यक्ष असता.

पोटनिवडणुकीचा पण विचार करा, चौघांतला एक गेला तर एका जागेसाठी त्या सगळ्या 80 हजार लोकांची परत निवडणूक.

---

सरळमार्गी

मी जरा उलटी बाजू मांडतो, शिव्या घाला हरकत नाही.

एकच नगरसेवक होता तेव्हा काय स्वर्ग होता का? 2007 ते 2012 आमचा जो होता त्याला आमच्या सोसायटीने मतदान केलं नाही असं त्याच्या डोक्यात बसलं होतं (खरंच केलं नव्हतं) आणि पाच वर्षं आमच्या रस्त्यावर एक खडीचा ट्रक आला नाही. दाद कुणाकडे मागणार, दुसरा कुणी नव्हताच. आता चौघं आहेत, एक नाही बोलला तर दुसऱ्याकडे जातो, आणि दोन वेगळ्या पक्षांचे असतील तर एकाला दुसऱ्याचं नाव सांगितलं की काम पटकन होतं. मी हे उघड उघड करतो. "त्यांनी उद्या माणूस पाठवतो म्हटलंय" एवढं एक वाक्य पुरतं.

शिवाय एकच्या वॉर्डात दर निवडणुकीला आरक्षणाची सोडत निघाली की अख्खा वॉर्ड महिला किंवा ओबीसी व्हायचा, बसलेल्या माणसाचा पत्ता कट, मग तो शेवटची दोन वर्षं कामच करायचा नाही कारण पुढच्या वेळी इथे उभं राहता येईल की नाही त्यालाच माहिती नसायचं. चारच्या प्रभागात त्याला लढायला कुठली तरी जागा मिळण्याची शक्यता जास्त, म्हणून निदान तोंड तरी दाखवत राहतो.

---

गल्लीबोळ

सरळमार्गी, तुमची "दुसऱ्याचं नाव सांगा" युक्ती चांगली आहे पण ती तुमच्यासारख्या बोलक्या माणसाला जमते हो. आमच्या नाल्याकडच्या वस्तीतल्या बाया चार ऑफिसं फिरत बसतील का, एक दिवसाची रोजी बुडते. त्यांच्यासाठी एकच दार असलेलं बरं, भले ते दार अर्धा वेळ बंद का असेना.

आणि खिडकी काका, सगळ्यात नको असलेली केंद्रं नवख्याच्या गळ्यात, हे अगदी तंतोतंत जुळलं. नाल्याकडची वस्ती आमच्याकडे कुणाच्याच वाट्याला नाही, चौघंही "तिकडचं ते बघतात" म्हणतात.

---

सरळमार्गी

रोजी बुडण्याचा मुद्दा मान्य, ते मी लक्षात घ्यायला हवं होतं असं नाही म्हणणार 🙂 पण एकच दार बंद असलं तर रोजी बुडून काम पण होत नाही. असो.

---

लोकलचा पास

मुंबईकर हजर. आमच्याकडे 227 वॉर्ड, एकाला एक, कायदाही वेगळा, 1888 चा. तुम्हाला वाटतंय तसं सगळं सोपं नाही. आमच्या इथे वॉर्डाची हद्द रस्त्याच्या मधून जाते. डावीकडचा फुटपाथ एकाचा, उजवीकडचा दुसऱ्याचा, आणि मधला खड्डा बेवारशी. त्यात "वॉर्ड" म्हटलं की नगरसेवकाचा वॉर्ड की ए बी सी डी वाला ऑफिसचा वॉर्ड ह्यातच नवीन माणसाचा पहिला फोन फुकट जातो.

पण एक आहे, कुणाला शिव्या घालायच्या ते पक्कं माहिती असतं. तो आनंद तुम्हाला नाही.

---

धुकं आणि चहा

मी सध्या मँचेस्टरला असते. इथे 32 वॉर्ड आणि प्रत्येकात तीन कौन्सिलर, एकूण 96, त्यामुळे धागा वाचताना गंमत वाटली. इथेही कायद्यात वाटणी नाही, तिघंही सगळ्या वॉर्डाचे. फरक एक मोठा आहे, तिघं एकदम निवडून येत नाहीत. चार वर्षांच्या चक्रात तीन वर्षं दर मे महिन्यात एकेकाची पाळी, चौथं वर्ष मोकळं. त्यामुळे प्रत्येकाचा हिशोब लोक वेगळा बघतात, "पॅनेल"च्या लाटेत कुणी तरून जात नाही.

वाटणी इथेही आपापसात होते. एकाच पक्षाचे असतील तर मतदारांचे ईमेल वाटून घेतात, एकाने घेतलं की बाकीच्यांना कॉपी. माझ्या घरासमोरच्या कचऱ्याच्या डब्यांबद्दल मी तिघांनाही एकाच ईमेलमध्ये लिहिलं होतं, उत्तर एकाचंच आलं पण त्यात स्पष्ट लिहिलं होतं की हे प्रकरण मी बघतेय, बाकीच्या दोघांना कळवलंय. डबे हलायला वेळ लागला तो लागलाच, पण कुणाच्या मागे लागायचं ते कळलं. वेगवेगळ्या पक्षांचे असतील तर मात्र इथेही तिघं वेगवेगळी पत्रकं काढून तेच काम आपण केलं म्हणतात, ते सार्वत्रिक आहे 😄

---

खिडकी क्रमांक चार

हे "बाकीच्या दोघांना कळवलंय" आपल्याकडे व्हायला हवं, आणि खरं तर त्याची सोय आपल्या कायद्यात आहे, फक्त कुणालाच ती नको आहे. दोन गोष्टी सांगतो.

एक, प्रभाग समिती, कलम 29 क. 74 व्या घटनादुरुस्तीनंतर आली. आजूबाजूच्या काही निवडणूक प्रभागांची मिळून एक समिती, त्यात तिथले सगळे नगरसेवक, क्षेत्रीय अधिकारी, आणि सामाजिक संस्थांचे तीनपर्यंत प्रतिनिधी. पाणी, ड्रेनेज, सफाई, पावसाळी गटार ह्या तक्रारी सोडवणं हे तिचं लेखी काम आहे, बजेटला शिफारस करायची ताकद पण आहे. तिथे विषय गेला की तो इतिवृत्तात येतो, म्हणजे "तिकडचं ते बघतात" हे वाक्य तोंडी राहत नाही, कागदावर येतं. ते संस्थांचे तीन प्रतिनिधी मात्र नीट बघा, संस्था कालपरवा नोंदवलेली आणि अध्यक्ष पक्षाचा कार्यकर्ता असा मामला फार चालतो.

दुसरी, क्षेत्रसभा. 2009 च्या दुरुस्तीने कायद्यात आली आणि बहुतेक शहरांत कागदावरच राहिली. लगतची दोन ते पाच मतदान केंद्रं मिळून एक क्षेत्र, तिथले मतदार म्हणजे सभा, नगरसेवक अध्यक्ष. आता तुम्हीच विचार करा, चारच्या प्रभागात ही भरवायची म्हटली तर कुठल्या क्षेत्राला कुठला नगरसेवक हे आधी ठरवून जाहीर करावं लागेल. म्हणजे ती स्केचपेनची वाटणी, जी आज फार्महाऊसवर होते, ती सरकारी कागदावर येईल. नाल्याकडच्या वस्तीची केंद्रं कुणाच्या तरी नावासमोर लिहावीच लागतील. माझं प्रामाणिक मत असं आहे की क्षेत्रसभा होत नाहीत ह्याचं मोठं कारण हेच. वाटणीला कुणाचा विरोध नाही, वाटणी लोकांना कळण्याला विरोध आहे.

---

रविवारची सुट्टी

काका, हे वेगळा धागा करण्याइतकं महत्त्वाचं आहे. मला क्षेत्रसभा हा शब्दच आज कळला, आणि मी चार निवडणुकांत मतदान केलंय.

---

सरळमार्गी

खिडकी काका, सिद्धांत पटला पण एक शंका. उद्या क्षेत्रं कागदावर वाटली तर मग अ वाला उघडपणे म्हणेल "हे बघा लेखी आहे, तुमचं क्षेत्र माझ्याकडे नाही". आज निदान कायद्याने चौघंही बांधील आहेत असं आपण म्हणू तरी शकतो. ते पण जाईल.

---

खिडकी क्रमांक चार

शंका रास्त आहे. कागदावर वाटणी झाली तरी निवडून अख्ख्या प्रभागातूनच आलेत, ती जबाबदारी जात नाही, पण व्यवहारात तुम्ही म्हणता तसंच होईल हे मी नाकारत नाही. तरीही चार जणांनी हात झटकण्यापेक्षा तिघांनी झटकलेले आणि एक सापडलेला मला परवडेल.

---

मधुमालती

आणि त्या सभेत बाई अध्यक्ष असेल तर माईक तिच्या हातात असेल, नवऱ्याच्या नाही, कारण सभा घ्यायची ती नगरसेवकाने. माझा पाठिंबा.

---

रंकाळ्यावरचा वारा

आमच्या शहरात एक प्रभाग पाचचा आहे. तिथं अ ब क ड आणि इ. पाचव्याला काय वाटून देत असतील? स्मशानभूमी? 😄

---

गल्लीबोळ

😄😄

बरं, खिडकी काका, व्यवहाराचं विचारतो. क्षेत्रसभा घ्या अशी मागणी करायची तर अर्ज कुणाच्या नावाने? नगरसेवकाला दिला तर काय होणार ते दिसतंच आहे.

---

खिडकी क्रमांक चार

आयुक्तांच्या नावाने, प्रत नगरसचिवांना आणि चारही नगरसेवकांना. एकाच पत्रावर चौघांची नावं ओळीने लिहा, वेगवेगळी चार पत्रं नकोत. आवक बारनिशीचा (आलेल्या पत्रांच्या नोंदवहीचा) शिक्का आणि नंबर घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका, "ठेवून जा, देतो नंतर" म्हणतील, ऐकायचं नाही. पत्रात मतदान केंद्रांचे क्रमांक टाका, गल्लीचं नाव नको, कारण गल्लीवरून परत "हे कुणाच्या भागात" सुरू होतं, केंद्रावरून होत नाही. आणि सह्या घेताना सोसायटी, गावठाण आणि वस्ती तिन्हीकडच्या घ्या, एकाच भागातल्या असल्या की विरोधकांचं पत्र म्हणून बाजूला पडतं.

ड्रेनेजची तक्रार ह्यात घालू नका. ती वेगळी, कनिष्ठ अभियंत्याकडे, टोकन नंबर घेऊन. जेटिंग मशीन कधी येणार ते त्याला विचारा, नगरसेवकाला नाही.

---

चौकस

मसुदा कुणी करणार असेल तर इथेच टाका, मी शुद्धलेखन बघून देतो. आमच्याकडे पण वापरता येईल, फक्त केंद्र क्रमांक बदलून.

---

गल्लीबोळ

रविवारी टाकतो. वस्तीतल्या सह्या घ्यायला संध्याकाळी आठनंतरच जावं लागेल, दिवसा घरी कुणी नसतं.